आज किती?

साठ किलो चिकन म्हणजे साधारण पंचेचाळीस पक्षी. कँटीनमध्ये हा हिशोब मला कोणी विचारत नाही. पण बुधवारी आणि शुक्रवारी सकाळी सातला टेम्पोतून पिशव्या उतरल्या की तो डोक्यात आपोआप होतो. दोन किलोचा पक्षी. पिसं, कातडी, आतडी, पाय, मुंडी गेली की हातात तेराशे-साडेतेराशे ग्रॅम उरतं. बाकीच्या बायका पिशव्या मोजून घेतात. मी पक्षी मोजते.

महाळुंगे एमआयडीसीतल्या, गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्याचं हे कँटीन. इथे मी २०२१ पासून आहे. त्याआधी अकरा वर्षं घरामागच्या शेडमध्ये ब्रॉयलर पक्षी वाढवले, आणि त्याच्याही आधी, लग्नापूर्वी, आजीच्या शेळ्यांमागे माळावर फिरले. आणि हे आधीच सांगून टाकते, की मी शाकाहारी नाही. पुढचं वाचून तसा समज होईल, म्हणून.

माझं माहेर खेड तालुक्याच्या पश्चिमेला, वाड्याच्या पुढे, डोंगराच्या कडेला. भात, नाचणी आणि दारात आठ-दहा शेळ्या. शेळ्या आजीच्या. सातबाऱ्यावर तिचं नाव कुठे नव्हतं, पण शेळ्यांचा पैसा तिच्या कनवटीला असायचा आणि त्यात आजोबासुद्धा हात घालत नसत. करडू जन्मलं की पहिले दोन दिवस ती ते घोंगडीत गुंडाळून चुलीपाशी बसायची. मधूनमधून त्याचे कान स्वतःच्या गालाला लावून बघायची, गार पडले नाहीत ना म्हणून. प्रत्येकाला नाव होतं. कपाळावर पांढरा ठिपका म्हणून टिकल्या, कान लांब म्हणून लंबू, श्रावणात झाली म्हणून सावनी. संध्याकाळी बांधावरून हाक मारली की माळावर नेमकं तेच जनावर मान वर करायचं.

चैत्रात गावची जत्रा. पहिल्या दिवशी पुरणपोळीचा निवद, दुसऱ्या दिवशी खारा. खाऱ्याला बोकड लागायचा आणि घरात बोकड असायचेच. तरी आजीने घरचा बोकड घरासाठी कधी कापू दिला नाही. वरच्या आळीत तिची एक चुलत जाऊ होती. दोघींचा वर्षानुवर्षांचा ठरलेला व्यवहार, आमचा बोकड त्यांच्याकडे, त्यांचा आमच्याकडे. वजनात फरक पडला तर पायलीभर तांदूळ इकडचे तिकडे. लहानपणी मला यात काही अर्थ दिसायचा नाही. बोकड तो बोकड. एकदा विचारलं तर म्हणाली, "ज्याला हाक मारली त्याला ताटात कसं घ्यायचं गं?" तिने मटण सोडलं नव्हतं. नळी ताटावर आपटून ती आतला मगज काढून खायची आणि दुसऱ्या दिवशी शिळ्या रश्श्यात भाकरी कुस्करायची. फक्त तो बोकड तिने हाक मारलेला नसायचा.

कापायच्या आधी बोकडावर पाणी शिंपडत आणि सगळे गप्प उभे राहत. त्याने अंग झाडलं की देवाला पावलं म्हणायचं. कधी तो लगेच झाडायचा, कधी पाच-पाच मिनिटं नुसता बघत राहायचा. तेवढा वेळ कोणी तंबाखूसुद्धा मळायचं नाही. पाणी अंगावर पडलं की कुठलंही जनावर अंग झाडणारच, त्यात त्याचा होकार कसला, हे मला पुढे कळलं. पण ते थांबणं खोटं नव्हतं. एका जिवासाठी पन्नास माणसं हातातलं काम टाकून उभी असायची.

दहा-अकरा वर्षांची असताना आजीबरोबर टिकल्याला विकायला चाकणच्या बाजाराला गेले. शनिवार होता. आता चाकण म्हटलं की मोटारींचे कारखाने डोळ्यांपुढे येतात. तेव्हा कांदा यायचा आणि जनावरांचा बाजार यायचा. बैल, म्हशी एका अंगाला, शेळ्या-मेंढ्या दुसऱ्या. गिऱ्हाईक यायचं, बोकडाच्या पाठीवर, कमरेच्या वर मूठ दाबायचं, मग दोन्ही हातांनी त्याला कमरेतून अलगद उचलून बघायचं. "धा किलो पडंल," एक जण म्हणाला. वीस किलोचा बोकड, त्याचं निम्मं मटण. उचलल्यावर टिकल्या माझ्याकडे बघत होता, म्हणजे मला तसं वाटलं. शेवटी एका खाटकाने घेतला. पैसे मोजताना त्याने माझं तोंड पाहिलं असावं. तो चांगल्या मनाने म्हणाला, "नाव काय ठेवलंय गं याचं?" मी काही बोलायच्या आत आजी म्हणाली, "बोकडाला कसलं नाव?"

त्याच सकाळी तिने त्याला नावाने हाक मारून भाकरी भरवली होती. मग तिने त्याच्या गळ्यातलं दावं सोडून घेतलं. जनावर द्यायचं, दावं द्यायचं नाही, अशी तिची रीत. खाटकाने आपली दोरी बांधली. परतीच्या एसटीत ते दावं तिच्या मांडीवर होतं, त्याला काळे-पांढरे केस चिकटलेले. वाड्याचा स्टँड येईपर्यंत ती ते गुंडाळत होती आणि उलगडत होती.

राजगुरुनगरच्या कॉलेजात बी.ए. होता होता माझं लग्न ठरलं आणि मी चाकणच्या पूर्वेला, भामा नदीच्या अंगाला, माळकऱ्यांच्या घरात आले. तिथून आळंदी पायी काही तासांच्या वाटेवर. सासरे, त्यांना सगळं गाव आण्णा म्हणतं, दर कार्तिकीला चालत जायचे. घरात अंडंसुद्धा यायचं नाही. मला त्याचा जाच कधी झाला नाही. माहेरी जाईन तेव्हा खाईन, इतकं ते सोपं होतं.

२००८-०९ च्या मंदीत आमच्या ह्यांचं कंपनीतलं कंत्राटी काम गेलं. अडीच एकर जमीन, कांद्याच्या भावाचा भरवसा नाही. तेव्हा गावोगावी करारावरच्या पोल्ट्रीची माणसं फिरत होती. पिल्लं त्यांची, खाद्य त्यांचं, औषध त्यांचं; शेड, पाणी, वीज आणि राबणं आपलं. चाळीस-बेचाळीस दिवसांनी गाडी येऊन पक्षी नेणार आणि आपल्याला किलोमागे चार-साडेचार रुपये. ह्यांनी कर्ज काढायचं ठरवलं. आण्णा तीन दिवस बोलले नाहीत. चौथ्या दिवशी चहा पिताना म्हणाले, "बांधायचीच तर शेड पूर्व-पश्चिम बांधा. ऊन आत येत नाही." एवढ्यावर ते सहभागी झाले.

एका बॅचला चार हजार पिल्लं. खोक्यांत शंभर-शंभर, वर दोन जादा. चाळीस ग्रॅमचं पिल्लू, अंड्यापेक्षा हलकं. भाताच्या तुसावर कागद अंथरायचे, त्यावर मक्याचा भरडा टाकायचा, भांड्यांत गूळपाणी ठेवायचं. पहिला आठवडा सगळा उबेचा. पिल्लं बल्बखाली गोळा झाली तर त्यांना थंडी वाजतेय. चोची उघडून कडेला जाऊन बसली तर गरम होतंय. सगळीकडे पसरून टिपत असली तर झालं. शेडमध्ये थर्मामीटर टांगलेला होता, सुपरवायझर आला की तो बघायचा. मी पिल्लू उचलून त्याचे पाय गालाला लावायचे. पाय गार लागले की आणखी एक बल्ब. हे मला शिकवावं लागलं नाही. करडाचे कान आणि पिल्लाचे पाय, गाल तोच. पहिले आठ दिवस मी आणि सासूबाई रात्री आळीपाळीने शेडमध्येच झोपायचो. वीज गेली की कोळशाची शेगडी पेटवायला हाताशी कोणीतरी हवं.

सकाळी सहाला घमेलं घेऊन शेडभर फिरायचं आणि मेलेली उचलायची. चार हजारांत रोज पाच-सात जातातच. शेडच्या दाराशी एक तक्ता असतो, त्यात तारीख, वय, खाद्याच्या गोण्या, वजन आणि मरतुक. आण्णांचं अक्षर चांगलं, म्हणून तक्ता त्यांच्याकडे. टोपी घालून, स्टुलावर बसून ते वाट बघायचे. मी बाहेर आले की विचारायचे, "आज किती?" मी आकडा सांगायचे. ते लिहायचे: 'गेले ७'. सुपरवायझरने दोन-तीनदा सांगितलं, "आण्णा, हा मरतुकीचा रकाना आहे, नुसता आकडा लिहा." आण्णा म्हणायचे, "लिहिलाय की." आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा 'गेले ५'.

तिसऱ्या आठवड्यापासून दुसरं एक काम सुरू होतं. काही पक्ष्यांचे पाय वाकतात, काही बसले की उठत नाहीत. ते दाणा खातात, पण वजन धरत नाहीत. आणि खाद्याचा हिशोब बिघडला की आपलेच पैसे कापले जातात. असे पक्षी काढून टाकायचे. डोक्यामागे दोन बोटांत मान धरायची, खाली ओढायची आणि मागे वळवायची. एक बारीक कट् होतं, ते कानाला ऐकू येत नाही, बोटांना कळतं. मग पंख मिनिटभर फडफडत राहतात. पहिल्यांदा केलं तेव्हा मला दोनदा ओढावं लागलं. ते दुसऱ्यांदा ओढणं माझ्या हातातून अजून गेलेलं नाही. पुढे हात बसला. त्या पहिल्या दिवशी आण्णांनी विचारलं, "आज किती?" मी म्हटलं, आठ. त्यांनी माझ्या हाताकडे बघितलं आणि विचारलं, "आपली आपण किती?" मी म्हटलं, पाच. त्यांनी लिहिलं: 'गेले ५, घालवले ३'.

हे मी का सांगते आहे? एवढ्या जवळून जनावर बघितलेली बाई मांस सोडत असेल, असं लोकांना वाटतं. मी सोडलं नाही. गाडी भरायच्या रात्री पंख तुटलेले, पाय मोडलेले दोन-चार पक्षी व्यापारी मागे टाकायचा. त्यांचं आम्ही शेडमागे तीन दगडांच्या चुलीवर शिजवायचो. टोप वेगळा, चमचे वेगळे, स्वयंपाकघरात त्यातलं काही जायचं नाही. मी आणि हे, दोघं चवीने खायचो. चिंचवडहून आलेल्या नणंदेने एकदा काकुळतीला येऊन विचारलं, "वहिनी, तू यांना झोपवतेस, उठवतेस, तुला कसं गं खाववतं?" तिच्या घरी दर रविवारी चिकन होतं. तिचा प्रश्न खरा होता, तिला ते समजून घ्यायचं होतं. मलाही उत्तर माहीत नव्हतं. आज वाटतं, चार हजारांत मी एकालाही हाक मारली नव्हती. आजीचा नियम मोडतेय असं मला वाटतच नव्हतं. तो इथे लागूच नव्हता.

आण्णांना मात्र गावात विचारणारे भेटले. भजनाला बसणाऱ्यांतल्या एकाने पारावर, चारचौघांत काढलं की गळ्यात माळ आणि मागे कोंबड्या, हे कसं काय. आण्णा चिडले नाहीत. म्हणाले, "आपण म्हातारे बैल चाकणला हेड्याला देत आलो. तो कुठं नेतो, कधी विचारलं? पोळ्याला शिंगं रंगवली आणि शनिवारी दावं सोडून घेतलं. मला तेव्हाबी ठाऊक होतं, तुम्हालाबी होतं." ही गोष्ट २०१५ च्या आधीची. गाईला १९७६ च्या कायद्याने संरक्षण होतंच, २०१५ च्या मार्चपासून बैलही त्यात आले, आणि म्हातारा बैल दावणीलाच ठेवायचा की काय करायचा, हा वेगळाच प्रश्न शेतकऱ्यापुढे उभा राहिला. आमचा शेवटचा बैल दावणीलाच गेला. त्याला चारा घालणं दोन वर्षं जड गेलं, आणि तरी तो गेला तेव्हा घरात चूल पेटली नाही. हेही खरं आणि तेही खरं.

गाडी रात्रीची येते. दिवसा पक्षी उन्हाने मरतात आणि अंधारात ते पळत नाहीत. आषाढाच्या शेवटच्या आठवड्यात तर रोज कुठे ना कुठे गाडी भरत असायची, कारण श्रावण लागला की भाव बसतो. पकडणारी पोरं सात-आठ, एका हातात चार-पाच पक्षी पायांनी धरून उलटे आणतात. क्रेट, काटा, आकडा, पुढचा क्रेट. पहिली दोन वर्षं आण्णा त्या रात्री देवळात जाऊन बसायचे. गाडी गेली की मी पोराला पाठवून निरोप द्यायचे, मग घरी यायचे. तिसऱ्या वर्षी एका रात्री ते गेलेच नाहीत. बॅटरी घेऊन काट्यापाशी उभे राहिले. मी म्हटलं, आण्णा, तुम्ही जा, आम्ही बघतो. तर म्हणाले, "चाळीस दिवस बघितलं. एक रात्र बघवत नाही म्हणायचं, हे काय खरं नाही पोरी." त्यानंतर ते प्रत्येक गाडीला उभे असायचे. एका पायाने उचललेला पक्षी दिसला की पोरांना ओरडायचे, "दोन्ही पाय धर! लागतंय त्याला!" पोरं धरायची, पाच मिनिटांनी विसरायची, आण्णा परत ओरडायचे.

२०१४ च्या उन्हाळ्यात माझ्या मुलीने एक पक्षी मागून घेतला. सात वर्षांची होती. मी काढून टाकायच्या रांगेत ठेवलेला, डावा पाय बाहेर वळलेला. ती म्हणाली, आई, हा मला दे. मी दिला. तिने नाव ठेवलं लंगडी. आणि लंगडी जगली. बेचाळीसाव्या दिवशी तिच्या बरोबरीचे सगळे गाडीत गेले आणि ही अंगणात राहिली. मुलगी तिला टोमॅटो, कलिंगडाच्या साली, भिजवलेली बाजरी घालायची. शाळेची रिक्षा आली की लंगडी तिच्याकडे धावायची. धावायची म्हणजे पंख पसरून दोन पावलं टाकायची आणि छातीवर बसायची, पुन्हा दोन पावलं, पुन्हा बसायची. तीन महिन्यांत ती पाच किलोच्या घरात गेली. चोच कायम उघडी. छातीची पिसं जमिनीला घासून गेलेली, खाली लाल कातडं. आम्ही दाणा कमी केला तर दिवसभर ओरडायची. भादव्यात एका दुपारी तिचा तुरा जांभळा पडला. रिक्षा आली, ती उठली, दोन पावलं आली आणि उताणी झाली. काही रोग नव्हता. काळीज पुरलं नव्हतं.

मुलगी रडली, तिची समजूत निघाली. माझी निघाली नाही. टिकल्याला त्या शनिवारी कोणी विकत घेऊन माळावर सोडला असता तर तो आठ-दहा वर्षं जगला असता. ते आयुष्य त्याचं होतं, आम्ही ते घेतलं. आणि घेतोय हे माहीत होतं म्हणून तर पाणी शिंपडून थांबायचो. लंगडीला आम्ही वाचवलं, सोडलं, नाव दिलं, खाऊ घातलं. तरी तिच्यापाशी जगायला आयुष्यच नव्हतं. ते अंड्यात असतानाच काढून घेतलेलं होतं, खूप लांब, कुठल्या तरी वहीत, वजनाच्या रकान्यात.

पुढे एक अभ्यास वाचनात आला. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठात १९५७, १९७८ आणि २००५ अशा तीन काळांतल्या कोंबड्यांची वाणं एकाच वेळी, सारखंच खाद्य देऊन वाढवली. २०१४ साली, आमची लंगडी अंगणात होती त्याच वर्षी, तो अभ्यास छापून आला. छप्पन दिवसांनी १९५७ च्या वाणाचं वजन ९०५ ग्रॅम भरलं आणि २००५ च्या वाणाचं ४,२०२ ग्रॅम. खाद्यात, औषधात काही घातलेलं नाही, निवड करत करत वाणच तसं केलेलं. इंजेक्शन देऊन कोंबड्या फुगवतात असं लोक म्हणतात. मी अकरा वर्षांत तसलं एकही इंजेक्शन पाहिलं नाही. त्याची गरजच नाही.

तेव्हापासून मी ब्रॉयलर खात नाही. माहेरच्या जत्रेला मटण खाते. आजी गेली, पण वरच्या आळीशी अदलाबदल आता माझी वहिनी करते. गावरान कोंबडी कोणी परसातली कापली तर खाते. यात विसंगती आहे असं कोणी म्हटलं तर मी वाद घालत नाही. जे जनावर उन्हात फिरलं, ज्याने माझ्या हातातून भाकरी हिसकावली, ते मेलेलं मला सोसतं. ज्याला चालता आलं नाही ते मला गिळवत नाही. लोकांचं उलट असतं. ओळखीचं जनावर त्यांना खाववत नाही आणि बिनओळखीचं खाववतं. दोन्हीकडे मन खरंच असतं.

खायचं सोडलं तरी शेड चालूच होती. कर्ज फिटायचं होतं. त्या काळात मी काढून टाकायचं काम कमी नाही केलं, लवकर करायला लागले. जो उठणार नाही तो दुसऱ्याच दिवशी, तहानेने झिजण्याआधी. तूस दिवसातून दोनदा हलवायला लागले, कारण ते ओलं राहिलं की पायांना आणि छातीला चट्टे पडतात. एवढंच माझ्या हातात होतं.

मग २०२० चा फेब्रुवारी-मार्च. चिकन खाल्ल्याने कोरोना होतो अशी अफवा मोबाइलवरून फिरली. सरकारने, डॉक्टरांनी सांगितलं की यात तथ्य नाही, पण आठ दिवसांत दुकानं ओस पडली. आम्ही ज्यांच्यासाठी पक्षी वाढवत होतो त्यांनी गाडी पाठवली नाही. पंचेचाळीस दिवस झाले, पन्नास झाले. पक्षी अडीच-तीन किलोच्या वर गेले आणि ऊन तापलं. रोज दुपारी तीन-चारला शेडमध्ये ढासळायचे, बसल्या जागी. घमेल्यांच्या जागी ढकलगाडी आली. आम्ही चाकण-तळेगाव रस्त्याला पिकअप लावून पक्षी फुकट वाटायला उभे राहिलो, तरी गाड्या थांबेनात. माणसांना आयुष्यभर दया येऊन जे सुटत नाही ते आठ दिवसांच्या भीतीने सुटलं, हे मी त्या रस्त्यावर उभी राहून पाहिलं. आणि त्याचा एकाही पक्ष्याला उपयोग झाला नाही. जेसीबीने खड्डा काढला. आण्णांनी त्या दिवशी आकडा विचारला नाही. संध्याकाळी बघितलं तर तक्त्यात तारीख घातलेली होती आणि पुढे रेघ.

ती आमची शेवटची बॅच. शेडला आता पत्र्याच्या आडभिंती घालून गोदाम केलंय, भाडं येतं.

कँटीनमध्ये जेवायला येणारी पोरं बीड, लातूर, नांदेडची, निम्मी बिहार-ओडिशाची. आठ-बारा तास उभं राहून आलेली. त्यांना मी कधी काही सांगत नाही. पगारात घर चालवून, गावी पैसे पाठवून, आठवड्यातून दोनदा पोटभर मांस त्यांना परवडतं ते या ब्रॉयलरमुळेच. मटण त्यांच्या वाट्याला दिवाळीतसुद्धा येत नाही. माझी लंगडी आणि त्यांची भूक मला एका तराजूत घालता येत नाही. मी वाढते आणि पूर्ण वाढते. ताटात टाकून दिलेला अख्खा तुकडा दिसला तर मात्र मला राहवत नाही. त्या पोराला मी दुसऱ्या वेळी विचारून अर्धंच वाढते.

माझी मुलगी आता अठरा वर्षांची आहे, आकुर्डीला कॉलेजात जाते. मैत्रिणींबरोबर बाहेर चिकन खाते. घरात सांगते, लपवत नाही. एकदा मी सहज विचारलं, "तुला लंगडी आठवते का गं?" म्हणाली, "आठवते ना. पण आई, ती लंगडी होती. हे चिकन आहे." मी चमकले. बाजारातली आजी बोलल्यासारखं वाटलं, फक्त आजीच्या मांडीवर दावं होतं.

परवाच्या शुक्रवारी पिशव्या फोडताना एक तंगडी हाताला लागली, मांडीपाशी निळा-लाल डाग. आचारी म्हणाला, "ताई, खराब आहे का? टाकू?" म्हटलं, खराब नाही, रात्री गाडी भरताना एका पायाने उचललाय. त्याने माझ्याकडे जरा बघितलं आणि तंगडी टोपात सोडली.

आण्णा आता चौऱ्याऐंशीचे आहेत. शेड बंद झाली हे त्यांच्या लक्षात राहत नाही. कंपनीची बस मला संध्याकाळी वेशीवर सोडते, मी अंगणात येते, ते खाटेवर टोपी घालून बसलेले असतात. विचारतात, "आज किती?" सोमवारी, मंगळवारी मी सांगते, एकही नाही आण्णा. ते मान हलवतात, बरं वाटल्यासारखे. बुधवारी आणि शुक्रवारीही तेच सांगता आलं असतं. पण त्यांनी अकरा वर्षांत मला एकदाही खोटा आकडा लिहू दिला नाही. मी सांगते, पंचेचाळीस. ते विचारतात, "गेले का घालवले?"

"घालवले," मी म्हणते, आणि पाय धुवायला मोरीकडे जाते.